घाटघरला लाईट गेली तेव्हा

१ डिसेंबर २०२१. एसटीचा संप चालू होता म्हणून मी आणि मेहुणा पुण्याहून जुन्नरजवळच्या नाणेघाटाकडे बाईकवरच निघालो. (तुम्ही वाकडेवाडीहून जुन्नरची एसटी धरा, सुखी राहाल.) अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आणि उत्तरेकडचा पश्चिमी झंझावात यांची गाठ पडणार, पाऊस येणार, हे हवामान खात्याने सांगितलं होतं. "डिसेंबरात कसला पाऊस!" असं म्हणणारा मीच.

चाकणची गर्दी टाळायला पहाटे निघालात तर बरं. नारायणगावला डावीकडे वळायचं. पुण्याहून जुन्नर साधारण ९५ किलोमीटर. पेट्रोल तिथेच भरून घ्या. आम्ही मंचरलाच भिजलो होतो. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण पाहिला, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाच्या गुहेत शिरलो, तर वारा तिथेही पाठोपाठ आला. खाली कोकणाचा पत्ता नाही, नुसतं पांढरं. नाणेघाटाच्या अलीकडच्या घाटघर गावी परतेपर्यंत बोटांना क्लच कळेनासा झाला होता.

मुक्कामाच्या घरी पोचलो आणि लाईट गेली. "आता सकाळपतूर काय येत नाय," मावशी म्हणाल्या आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं. माझ्या जीन्सच्या गुडघ्यांतून वाफ निघत होती आणि पोटऱ्या मात्र गारच. जीन्स घालून येऊच नका, पाणी धरते आणि सोडत नाही. एक कोरडा जोड, लोकरीचे मोजे नि टोपी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणा, बॅगेच्या रेन कव्हरवर विसंबू नका. रोख पैसेही हवेत, रेंज गेली की यूपीआय संपलं.

झोपताना मेहुण्याने निखाऱ्यांचं घमेलं खोलीत न्यायला घेतलं, तशा मावशी कडाडल्या, "दार लावून घेतलं तर उठाल का सकाळी?" बरोबरच होतं. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. दोन घोंगड्या मिळाल्या, त्यांवर भागवलं. पत्र्यावर पाऊस रात्रभर वाजत होता.

सहाच्या सुमाराला बल्ब पिवळा, मग पांढरा झाला. मी त्याच्याकडे बघत बसलो. मावशींना तेवढी सवड नव्हती, त्या मोटर लावायला धावल्या.

परतताना जुन्नरच्या अलीकडे रानात धनगरांच्या मेंढ्यांचा वाडा होता. मेंढ्या कोंडायची जाळी, वाघर, चिखलात पडलेली, पलीकडे मेंढ्या ओळीने आडव्या. त्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. भिजलेली लोकर, वरून वारा, आडोसा नाही. घोंगडी पांघरलेला एक म्हातारा मेलेल्या मेंढ्या मोजत होता. गाडी थांबवून त्याला काय विचारायचं, ते सुचलं नाही.

घरी गिझरचा लाल दिवा लागला. पहिला तांब्या अंगावर घेतला, मग दुसरा, तिसरा.

"दाजी, आटपा! मी पण भिजलोय," मेहुणा दार वाजवत होता.