एक जून, दुपारचे दोन

दोनला पाच कमी असताना बाईंनी टेबलावरचे चहाचे कप उचलले, ओल्या फडक्यानं टेबल पुसून घेतलं आणि मधोमध लॅपटॉप ठेवला. त्यांचे यजमान खिडकीशी उभे होते. बाहेर कुंपणाच्या तारांना अजून ऑक्टोबरच्या पुरातला काडीकचरा अडकलेला दिसत होता. १ जून २०२३, गुरुवार. उत्तर व्हिक्टोरियातल्या रोचेस्टर गावाबाहेर, कॅम्पास्पे नदीच्या अंगाला त्यांचा गोठा आहे.

मी गोठ्यांच्या हिशेबाची सल्लागार. अंदाजपत्रक करणं, करार वाचून दाखवणं, बँकेशी बोलणी असली की शेतकऱ्याच्या बाजूला बसणं हे माझं काम. मूळची मी कागल तालुक्यातली. घरी तीन म्हशी होत्या आणि शाळेआधी किटली घेऊन संस्थेत दूध घालायला जाणं माझ्याकडे होतं. फॅट किती लागली यावर घरातला सगळा दिवस ठरायचा. त्यामुळे परदेशात येऊनही दुधाच्याच कामाला लागले, याचं घरी कुणाला नवल वाटलं नाही.

त्या दिवशी ठरवायचं होतं ते एकच. नव्या हंगामाचा करार करायचा, की गाई विकून मोकळं व्हायचं. दोघांनीही पासष्टी ओलांडलेली. मुलगी मेलबर्नला नर्स, मुलगा पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीत. ऑक्टोबर २०२२ च्या पुरात त्यांनी रात्रीतून २६० गाई उंचवट्यावर हलवल्या होत्या. रस्ते बंद, टँकर येईना, म्हणून काढलेलं दूध स्वतःच्या हातानं ओतून दिलं होतं. पुढे चिखलानं गाईंचे खूर गेले, कासदाह वाढला, राय गवत कुजलं आणि साठवलेली वैरण भिजली. बाई मला म्हणाल्या होत्या की दूध ओततानाचा आवाज अजून झोपेत येतो.

इथलं दुधाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. जानेवारी २०२० पासून दुधाची आचारसंहिता कायद्यानं बंधनकारक झाली. मोठ्या दूध कंपन्यांना दर वर्षी १ जूनच्या दुपारी दोनपर्यंत आपला करारनामा आणि येत्या हंगामाचा किमान दर जाहीरपणे मांडावाच लागतो. दर लिटरवर नसतो. दुधातली फॅट आणि प्रथिनं किलोनं मोजतात आणि त्या किलोला भाव मिळतो. एक चांगली गाय वर्षाला ५०० किलो देते. या गोठ्याचे झाले १ लाख ३० हजार किलो. म्हणजे दर एका डॉलरनं हलला की वर्षाचे १ लाख ३० हजार डॉलर इकडचे तिकडे होतात. माझ्या अंदाजपत्रकात कर्जाचा हप्ता धरून तोंडमिळवणी व्हायला ८ डॉलर २० सेंट लागत होते. त्याखाली दर आला तर गाई विकायच्या, हे त्यांनी आदल्या आठवड्यातच मला सांगून ठेवलं होतं.

सकाळी मी अगदी वेगळ्या बैठकीतून इथे आले होते. मेलबर्नच्या आग्नेय उपनगरात तूप आणि पनीर करणारा एक लहान कारखानदार आहे, मूळचा आणंदकडचा. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार लोक मोजले गेले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांच्या खालोखाल दुसरा नंबर. त्यांच्यामुळे या कारखानदाराचा माल महिनाभर आधी सांगितलेला असे. शिवाय आता गोरे लोकही तूप विचारतात, जिमला जाणारी मुलं पनीर नेतात. त्याला रोज पाच हजार लिटर दूध हवं होतं, शक्यतो जर्सीचं, थेट गोठ्यावरून. तुपाच्या डब्यावर कांगारूचं चित्र आणि त्याखाली एक पट्टा असतो. मालातला किती भाग ऑस्ट्रेलियन आहे ते त्यावरून कळतं. त्याचा पट्टा पूर्ण भरलेला होता आणि डबा हातात घेऊन तो ते मला दाखवत होता. पाच हजार लिटर म्हणजे जवळजवळ रोचेस्टरच्या या गोठ्याइतकंच दूध. गाडी चालवताना माझ्या डोक्यात दोन्ही टोकं जुळत होती.

दोन वाजले. बाईंनी पहिल्या कंपनीचं पान उघडलं. ९ डॉलरच्या वर. दुसरी, ९ च्या आसपास. तिसरीही तिथेच. यजमान खिडकीजवळून टेबलापाशी आले आणि चष्मा लावून आकडा पुन्हा वाचू लागले.

मलाही तो आकडा अपेक्षित नव्हता. जगात त्या वेळी दूध पावडरीचे भाव खाली चालले होते. चीनचं स्वतःचं दूध वाढलं होतं आणि तिथली खरेदी मंदावली होती. चीन हा ऑस्ट्रेलियाच्या दुग्धपदार्थांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक. अशा वेळी इथला दर पडायला हवा. पण २००१-०२ साली या देशात ११०० कोटी लिटरहून जास्त दूध होत होतं. २०२२-२३ मध्ये ते सुमारे ८१० कोटी लिटरवर आलं. कारखाने उभारलेले आहेत जुन्या दुधाच्या हिशेबानं. टाकी अर्धी भरली तरी पगार, वीज आणि व्याज तेवढंच जातं. म्हणून गोठा दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये यासाठी सगळ्या एकमेकींवर बोली लावत होत्या. १९८० च्या सुमारास देशात २२ हजार गोठे होते. २०२३ मध्ये चार हजारांच्या आसपास उरले होते.

दूध कमी का झालं, हे या टेबलाशी बसलं की कळतं. जुलै २००० मध्ये सरकारी भाव-नियंत्रण संपलं. मग दुष्काळाची लांबलचक वर्षं आली. २००७ मध्ये व्हिक्टोरियात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा झाला आणि पाण्याची खरेदी-विक्री आणखी मोकळी झाली. २०१९ च्या दुष्काळात दहा लाख लिटर पाण्याला ५०० डॉलरच्या वर मोजावे लागले. बदामाच्या बागांना ते परवडत होतं, गवताला नाही. त्यातच २०११ च्या २६ जानेवारीपासून सुपरमार्केटांत दूध लिटरला एक डॉलरनं विकायला सुरुवात झाली आणि ते आठ वर्षं चाललं. यजमानांनी २०१९ मध्ये ६० गाई काढल्या, त्या परत भरल्या नाहीत.

मी घाईघाईनं बोलू लागले. हा दर धरला तर वर्ष चांगलं जाईल, पुराचं नुकसान भरून निघेल. शिवाय तूपवाल्याचा प्रस्तावही मांडला. दोघं शांत ऐकत होते. मग बाई उठल्या आणि स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधून एक निळी वही घेऊन आल्या. पान उघडून माझ्याकडे सरकवलं. एप्रिल २०१६. हंगाम संपायला दोन महिने उरले असताना त्या वेळच्या त्यांच्या कंपनीनं कळवलं होतं की वर्षभर तुम्हाला जास्त दर दिला गेला, आता तो कमी केला आहे आणि आधी दिलेला वरचा पैसाही वसूल होईल. वहीत पेन्सिलीनं वजाबाकी होती. शेवटची रक्कम तीनदा खोडून परत लिहिलेली.

"हा नऊ डॉलर पण ते परत घेतील का?" बाईंनी विचारलं.

मला एकदम आमचा कोल्हापूरचा दरफरक आठवला. वर्षभर घातलेल्या दुधाचा हिशेब होऊन दिवाळीला संघाकडून वरचे पैसे यायचे. त्या पैशांत आमचे कपडे, आईची साडी, कधी म्हशीचं दावं. मागाहून होणारा हिशेब म्हणजे पैसे येणं, एवढंच मला लहानपणी माहीत होतं. या बाईंच्या घरी मागाहूनच्या हिशेबानं मुलाला शेतीतून बाहेर पाठवलं होतं. तो खाणीत गेला त्याच वर्षी. त्यांच्या तोंडून ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तीन वर्षं मी त्यांचे हिशेब करत होते.

मी माझे आकडे बाजूला ठेवले आणि तिन्ही करार छापून घेतले. दिलेल्या दुधाचा दर मागाहून कमी करता येणार नाही, हे आचारसंहितेतच आहे. २०१६ मुळेच ते आलं. ते कलम मी वाचलं, बाईंनी स्वतः पुन्हा वाचलं, मग यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पाऊण तास आम्ही फक्त त्यावर होतो. चालू हंगामातला दर पुढे कोणत्या परिस्थितीत उतरवता येतो, किती दिवस आधी कळवावं लागतं, कंपनी विकली गेली तर काय, ऑक्टोबरमध्ये दूध जास्त झालं तर तोच भाव का, असं एकेक विचारत गेल्या. इतके नेमके प्रश्न मला बँकेतही कुणी विचारलेले नाहीत.

तूपवाल्याचा प्रस्ताव त्यांनीच बाजूला केला, आणि त्यांचं बरोबर होतं. इथल्या गाई गवतावर असतात. वसंतात, ऑक्टोबरच्या सुमारास, दूध भरभरून येतं आणि हिवाळ्यात उतरतं. त्याला बारा महिने रोज पाच हजार लिटर हवं होतं. वरचं दूध घ्यायची त्याची ताकद नव्हती आणि दुसऱ्या वर्षाचा दर तो लिहून द्यायला तयार नव्हता. सकाळी त्याच्या कारखान्यात मला मागणी एवढी ढळढळीत दिसली होती की हा प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता.

तीन वाजता दूध काढायची वेळ झाली, म्हणून आम्ही शेडवर गेलो. दोन्ही बाजूंना वीस-वीस गाई तिरक्या उभ्या राहतात आणि मधल्या खड्ड्यात माणूस उभा राहून सडांना यंत्राचे कप लावतो. तिथे लुधियानाकडचा एक तरुण चार वर्षं काम करत होता. नुकतीच त्याला इथे कायम राहायची परवानगी मिळाली होती आणि तो सोडून जाईल, शहरात टॅक्सी चालवेल, असं हे दोघं धरून चालले होते. गाई विकण्यामागे ते एक मोठं कारण होतं. मी हिंदीत त्याला सहज विचारलं, पुढचा काय विचार? कप लावता लावता तो म्हणाला, "दीदी, शहरात जाऊन काय करू? मला कालवडी घ्यायच्या आहेत. पण यांना कसं विचारू?"

मी ते दोघांना सांगितलं. यजमान पायऱ्या उतरून खड्ड्यात गेले आणि त्याच्या शेजारी उभे राहून कप लावू लागले. काय बोलले ते यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं वर आले आणि बाईंना म्हणाले, दुधाच्या पैशातला चौथा हिस्सा त्याचा, पहाटेची पाळी त्याची, आणि दर वर्षी दहा कालवडी त्यानं आपल्या नावावर पाळायच्या. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली. आमच्याकडे वाट्यानं जनावरं सांभाळायची अर्धली आणि चौथाई मी लहानपणापासून पाहिली आहे. गोष्ट तीच होती.

करार त्यांनी सर्वांत वरच्या दराचा केला नाही. ३० सेंट कमी देणाऱ्या कंपनीचा दोन वर्षांचा केला, कारण त्यात दुसऱ्या वर्षाचा किमान दर ८ डॉलर ४० सेंट लिहिलेला होता. मी ३९ हजार डॉलरचा फरक दाखवला. बाई म्हणाल्या, तो मी पुराच्या आधी मोजला असता. पुढच्या जूनमध्ये बाजारात दर ८ डॉलरच्या आसपास उघडले तेव्हा त्यांच्याकडे तो लिहिलेला आकडा होता.

१ जूनच्या त्या रात्री घरी फोन केला तेव्हा वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तिकडचं दूध स्वस्तात आपल्याकडे येणार का? २०२२ च्या डिसेंबरमध्ये लागू झालेल्या दोन्ही देशांच्या व्यापार करारात दुग्धपदार्थ वगळलेले आहेत, हे मी त्यांना पुन्हा सांगितलं. आणि या वेळी पुढे हेही सांगितलं की इथे स्वस्त दूध देणारा शेतकरीच कमी होत चाललाय. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, त्या जर्सीला फॅट किती लागते?

तूपवाल्याला त्या वर्षी गोठा मिळाला नाही. मागणी होतीच, म्हणून त्यानं न्यूझीलंडचं लोणी घ्यायला सुरुवात केली. कांगारूखालचा तो भरलेला पट्टा आता त्याच्या डब्यावर नाही. २०२४ च्या हिवाळ्यात त्याचा पुन्हा फोन आला. आता तो ऑक्टोबरचं वरचं दूधही घ्यायला तयार आहे, मोठं शीतगृह भाड्यानं घेतलंय, तीन वर्षांचा दर लिहून देतो म्हणाला. मी २०२३ ची माझी यादी काढली. त्याच्या टँकरच्या टप्प्यातले अकरा गोठे होते. त्यांतल्या चारांच्या पुढे आता गाई विकल्याची तारीख आहे. उरलेल्या सातांना मी एकेक करून फोन लावते आहे.