रीलोडिंग बेंचची नोंद: भिंग किती पटीचं, यापेक्षा किती अंतरावरचं

रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर आणि गोळी घालून पुन्हा भरणं. त्यासाठीचं गॅरेजमधलं बेंच भिंतीला पक्कं झालं, दांडा ओढून चालवायची प्रेस बोल्टांनी आवळली, पावडर तोलायचा काटा पंख्याच्या वाऱ्यापासून आडोशाला गेला. राहिलं होतं डोळ्यांचं. चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. चष्म्यातून मॅन्युअलमधले आकडे वाचता येतात, पण .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीच्या तोंडाशी सुरू झालेली बारीक चीर काही दिसत नाही. इथे ॲरिझोनात आमच्या रेंजवर निम्मे लोक साठीच्या पुढचे, त्यामुळे भिंगावर प्रत्येकाचं मत ठाम. कुणी म्हणतं सराफासारखं दहापट घे, कुणी म्हणतं हातवाला दिवा (लांब दांड्यावर भिंग आणि दिवा) घे, कुणाला मोबाइलचा कॅमेराच पुरतो.

भिंगावर छापलेल्या ‘पटी’वर फार विसंबू नका. डायॉप्टर, म्हणजे काचेचा नंबर, विचारा. १०० ला डायॉप्टरने भागलं की फोकसचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे ५ डायॉप्टरला २० सेंमी. पट काढताना डायॉप्टरला ४ ने भागतात. काही कंपन्या वर १ मिळवतात. त्यामुळे ५ डायॉप्टरचं तेच भिंग एका खोक्यावर सव्वापट असतं आणि दुसऱ्यावर सव्वादोनपट. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर, पण खरेदी करणारा मात्र गोंधळतो.

बेंचवर खरा प्रश्न अंतराचा आहे. पट वाढली की भिंग वस्तूच्या जवळ न्यावं लागतं आणि एका वेळी स्पष्ट दिसणारा थरही पातळ होतो. दहापटीचं भिंग साधारण २५ मिमीवर धरावं लागतं. आता .३०८ ची पुंगळी घ्या: लांबी ५१ मिमी. प्रायमरच्या ठिणगीचं भोक आतून कसं आहे, पंच केलेल्या भोकाच्या कडेला बर (धातूची उरलेली खरखरीत कड) राहिली आहे का, हे तोंडातून डोकावून पाहायचं तर पाहायची जागा दोन इंच खोल. दहापटीचं भिंग तोंडाला टेकवलं तरी तिथवर फोकस जात नाही. तिथे त्याचा उपयोग शून्य. उलट अडीचपटीचं डोक्यावरचं भिंग आणि मागून, प्रायमरच्या खोबणीतून, टॉर्चचा उजेड, की भोक लख्ख गोल दिसतं आणि बर असेल तर त्या गोलाला दात आल्यासारखा.

म्हणून मुख्य भिंग डोक्यावरचं घेतलं, डोनेगनचा ऑप्टिव्हायझर, ५ नंबरच्या काचेचा. अडीचपट, आठ इंचांवर, म्हणजे जवळपास वीतभर. दोन्ही डोळ्यांनी दिसत असल्यामुळे खोलीचा अंदाज राहतो आणि हात मोकळे. ३ नंबरची काच पावणेदोनपट आणि १४ इंचांवर. प्रेससमोर बसून काम करायला आरामशीर, पण चीर शोधायला कमी पडते. १० नंबर साडेतीनपट, मात्र चार इंचांवर. प्रेसच्या दांड्याखाली नाक घालून बसायची हौस असेल त्यांनी घ्यावी. हे सगळं चष्म्यावरून बसतं, पण काच सुरक्षेसाठी नाही हे लक्षात असू द्या. प्रायमर बसवताना आत सेफ्टी ग्लासेस हव्यातच.

दहापटीचं छोटं ट्रिपलेटही (तीन काचा जोडलेलं भिंग) खिशात आहे. एखादी पुंगळी संशयास्पद वाटली की शेवटचा निवाडा त्याचा. शंभर पुंगळ्या निवडायला मात्र ते काढू नका, पंधरा मिनिटांत मान आखडते.

उजेडाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे पट दुय्यम ठरते. भिंगाभोवती गोल एलईडी असलेले दिवे मला पटले नाहीत. पितळ चकचकीत, चारी बाजूंनी उजेड पडला की पुंगळीवर पांढरा पट्टा उमटतो आणि चीर त्यात बुडते. डाव्या हाताला एकच दिवा, जवळजवळ बेंचच्या पातळीत आडवा, खाली करड्या कागदाचा तुकडा. पुंगळी बोटांत हळू फिरवायची. ओरखडा असेल तर फिरवताना कधी चमकतो, कधी नाहीसा होतो. चीर सगळ्या बाजूंनी काळीच राहते, आणि बहुतेक वेळा थेट तोंडाच्या कडेपासून निघालेली असते.

बुडाच्या जरा वर दिसणाऱ्या चकचकीत कड्याचा निकाल मात्र भिंग देत नाही. आत पितळ पातळ होऊन पुंगळी तिथे तुटायला आली असेल तर बाहेर कडं दिसतं. पण साइझिंग डायही (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) तिथेच निरुपद्रवी रेघ सोडते. पेपरक्लिप सरळ करून टोकाला आकडा वळवायचा आणि आतून भिंतीवर वरखाली फिरवायचा. आकडा अडकला की पुंगळी भंगारात. प्रायमर पुरता खाली बसला की नाही, तेही बोटाच्या पेराला भिंगाआधी कळतं.

महाराष्ट्रातल्या .२२ वाल्या मित्रांनी विचारलं होतं, म्हणून सांगतो: स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात पॅरिसला कांस्य मिळवलं, त्यातली काडतुसं रिमफायर. प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ती पुन्हा भरण्याचा प्रश्न येत नाही. भिंग तुम्हाला कामी येईल ते साइट आणि ट्रिगरच्या स्क्रूंसाठी.

आणि खिडकीचं. हातवाल्या दिव्याचं पाच इंची भिंग मी घेतलं नाही, त्याचं अर्धं कारण इथलं ऊन आहे. ५ डायॉप्टरच्या काचेखाली सूर्याचं प्रतिबिंब जेमतेम दोन मिलिमीटरचं पडतं, आणि पाच इंच रुंद काचेवर पडलेलं सगळं ऊन तेवढ्या टिंबात गोळा होतं. बेंचवर पावडरीचा डबा असतो, सांडलेले चार दाणे असतात. कुणाकडे असं भिंग असेल तर काम संपताच त्यावर झाकण किंवा जाड कापड टाका, आणि खिडकीसमोर ठेवूच नका. ऑप्टिव्हायझरही मी ड्रॉवरमध्येच ठेवतो.

पावडरीच्या काट्यावरची रेघ वाचणं अजून बाकी आहे. बीमचा (दांडीचा) काटा डोळ्याच्या पातळीत नसला की रेघ वर-खाली वाटते. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, आणि ग्रेनचा दहावा भाग म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. तिथे असा वाचनातला फरक परवडत नाही. डोक्यावरचं भिंग घालून वाकलं की श्वासाने काटा हलतो. सध्या मोबाइल स्टँडवर, कॅमेरा रेघेच्या बरोब्बर समोर, झूम करून ठेवला आहे. वाचणं जमतंय, पण स्टँड बेंचवरच असल्यामुळे प्रेसचा दांडा ओढला की चित्र थरथरतं. पुढच्या आठवड्यात तो भिंतीवर लावून पाहणार.