पी५३ आणि आरबी: हाडातली दोन वेगळी कामं

ट्यूमर सप्रेसर (कर्करोगाची गाठ होऊ न देणारं जनुक) म्हणजे पेशीचा ब्रेक, असं शिकवलं जातं. हाडाच्या पेशींसोबत काम करणाऱ्याला ही व्याख्या फार लवकर अपुरी पडते. ऑस्टिओसार्कोमात, म्हणजे हाडाच्या कर्करोगात, पी५३ आणि आरबी ही दोन ट्यूमर सप्रेसर जनुकं वारंवार बिघडलेली सापडतात, पण निरोगी हाडात ती एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात.

हाड घडवणारी ऑस्टिओब्लास्ट पेशी रन्क्स२ आणि त्यानंतर ऑस्टेरिक्स या प्रथिनांच्या हुकुमाने पक्व होते. पी५३ दोघांनाही आवरतं, म्हणून पी५३ नसलेल्या उंदरांची हाडं दाट होतात. त्यांच्या ऑस्टिओब्लास्ट एम-सीएसएफ (ऑस्टिओक्लास्ट वाढवणारं संदेशक प्रथिन) जास्त सोडतात आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टही वाढतात, तरी झिजेपेक्षा भरच जास्त पडते. उलट, पी५३चा काटा काढणारं एमडीएम२ हे प्रथिन ऑस्टिओब्लास्टमधून काढलं की पी५३ साचतं, रन्क्स२ घसरतं आणि सांगाडा नीट बनत नाही. आरबी मात्र थेट रन्क्स२ला चिकटून त्याचा जोर वाढवतं. आरबी गेलं की पेशी विभागत राहते आणि पक्वही होत नाही. आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा (आरबी बिघडल्याने होणारा डोळ्याचा कर्करोग) झालेल्या मुलांना पुढे ऑस्टिओसार्कोमाचा धोका असतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता पी५३ दाबल्यावर ऑस्टिओब्लास्टची पक्वता कशी बदलते, हे बघण्याच्या प्रयोगाकडे. एमसी३टी३-ई१ या उंदराच्या ऑस्टिओब्लास्टपूर्व पेशींना पक्व करायला ॲस्कॉर्बिक ॲसिड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (खनिजासाठी फॉस्फेट) १० मिलिमोलर द्यायचं, माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. साधारण सातव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फटेज (पक्वतेची सुरुवात दाखवणारं एन्झाइम) बघायचं आणि २१व्या दिवशी अलिझरिन रेड (कॅल्शियमला लाल करणारा रंग), पीएच ४.२च्या आसपास. साध्या अल्फा-एमईएम या वाढ-माध्यमात ॲस्कॉर्बिक ॲसिड आधीच असतं. कंट्रोलला तेच वापरलं तर कंट्रोलही हळूहळू पक्व होतो आणि फरक पुसला जातो. ॲस्कॉर्बेट नसलेलं माध्यम मागवा, त्यात काटकसर नको.

पी५३ दाबायला एसआयआरएनए (जनुक तात्पुरतं गप्प करणारा छोटा आरएनए) वापरू नका. त्याचा परिणाम काही दिवसांत ओसरतो आणि प्रयोग तीन आठवड्यांचा आहे. एसएचआरएनएची, म्हणजे तसाच आरएनए पेशी स्वतः सतत बनवत राहतील अशी, कायमस्वरूपी लाइन बनवा.

सगळ्यात मोठी गल्लत मोजणीत होते. पी५३ कमी झालं की पेशी झपाट्याने वाढतात. त्यामुळे वेल (पेशी वाढवायच्या प्लेटमधला खळगा) लालभडक दिसतं आणि 'पक्वता वाढली' असा निष्कर्ष निघतो, प्रत्यक्षात नुसती गर्दी वाढलेली असू शकते. म्हणून अलिझरिनचा आकडा त्याच वेळी, तशाच लावलेल्या जोडीच्या वेलमधल्या डीएनएच्या प्रमाणात मांडा आणि ऑस्टेरिक्स आणि ऑस्टिओकॅल्सिन (पक्व ऑस्टिओब्लास्टचं प्रथिन) यांची आरएनए पातळी शेजारी ठेवा. एक वेल पेशींशिवाय, पण सगळी औषधं घालून ठेवा. त्यातही लाल डाग उठले तर तो फॉस्फेटचा साका आहे, हाड नव्हे.

आणि साओस-२ या ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी सुंदर खनिज बनवतात म्हणून पी५३ दाबण्याच्या प्रयोगाला निवडू नका. त्यांत पी५३ मुळातच नाही, दाबणार काय? आरबीही तुटकं आहे. पी५३ परत घालून बघायचं असेल, तर मात्र त्या उपयोगी पडतात.