साडेपाच विरुद्ध अर्धा

युरोपियन क्लब कप ही बुद्धिबळाची स्पर्धा खेळून आमचा संघ डब्लिनला परतला की नोव्हेंबरातल्या एका शनिवारी क्लबची संध्याकाळ असते, चर्चमागच्या छोट्या हॉलमध्ये. अध्यक्षांचं स्वागत, जमाखर्च, टाळ्या हे वीस मिनिटांत उरकतं. मी वर्षभर वाट बघतो ती त्यानंतरच्या भागाची. खेळून आलेल्या प्रत्येकानं भिंतीवरच्या मोठ्या पटावर आपला एक डाव मांडून दाखवायचा, ही आमची रीत.

ही स्पर्धा फक्त बड्यांची, असं अनेकांना वाटतं. 2023 मध्ये अल्बेनियातल्या दुर्रेसला मॅग्नस कार्लसनच्या ऑफरस्पिल या क्लबनं कप जिंकला. पुढच्या वर्षी सर्बियात व्रन्याच्का बान्याला अर्जुन एरिगैसीनं 2800 चं लाइव्ह मानांकन (डावागणिक बदलणारं) ओलांडलं, आनंदनंतरचा दुसराच भारतीय. ती बातमी मी साताऱ्याला आईला फोन करून सांगितली, तेव्हा माझा आवाज कापत होता. त्याच स्पर्धेत स्वखर्चानं, रजा टाकून आलेले आमच्यासारखे क्लबही खेळतात. प्रत्येक लढतीत सहा पटांवर सहा डाव, सात फेऱ्या, स्विस पद्धत, म्हणजे कुणी बाद होत नाही, साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. पहिल्या फेरीत मानांकनात वरच्या निम्म्या संघांची गाठ खालच्या निम्म्यांशी पडते. म्हणजे आमच्यासमोर ओळीनं ग्रँडमास्टर, आणि निकाल बहुधा 6-0.

एका वर्षी आमच्या खजिनदारांनी सहाव्या पटावर बरोबरी साधली. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर बस चालवलेला. हत्ती आणि दोन प्यादी घेऊन साडेचार तास चिवटपणे बसून राहिले. बरोबरीचा अर्धा गुण, म्हणजे साडेपाच विरुद्ध अर्धा! आम्ही हॉटेलात रात्री उशिरापर्यंत जागलो.

पण त्या शनिवारी त्यांनी तो डाव दाखवलाच नाही. दरवर्षीप्रमाणे हरलेलाच मांडला. चूक झाली त्या चालीपाशी ते थांबतात, हात मागे बांधतात आणि म्हणतात, "इथं मी घाई केली. तुम्ही करू नका, बघा." मग दोन मिनिटं हॉलमध्ये कुणी बोलत नाही. माझी नऊ वर्षांची लेक तेव्हा पटाकडे अशी बघते, की माझा घसा दाटून येतो. बरोबरीचा डाव शेवटी मीच दाखवला.

त्या वर्षी तेवीस माणसं होती. क्लबची सभासदसंख्या साठ. संघात जागा हवी म्हणून सप्टेंबरात रोज फोन करणारे दोघं त्या संध्याकाळी आले नाहीत, हे मी अजून विसरलेलो नाही.

आले त्यांची मात्र नोंद हवी. संघाचा क्रम वेळेत देणाऱ्या कॅप्टनबाई, पहाटे चारला विमानतळावर सोडणारे त्यांचे यजमान, ब्राऊन ब्रेड भाजून आणणाऱ्या सचिवांच्या आई, घड्याळांचे सेल बदलणारा कॉलेजचा मुलगा, हॉलची किल्ली देणारे चर्चचे काका, राखीव म्हणून येऊन एकही डाव न मिळालेला आमचा पुण्याचा मित्र. त्यानं सातही फेऱ्या सगळ्यांसाठी पाणी आणलं. आणि हो, कपबशा विसळणाऱ्या त्या दोघी बहिणी. मागच्या वेळी आभारांत त्या राहून गेल्या होत्या.

सगळे गेले की खजिनदार सोंगट्या मोजून डब्यात भरतात. मागच्या वर्षी एकतीसच भरल्या. काळा उंट लेकीच्या कोटाच्या खिशात निघाला. त्यांनी तो परत घेतला नाही.