स्लॅब भरायच्या आधी पाइप बघा

मागच्या मे महिन्यात मावशीच्या नवीन घरात वायर ओढायचं काम चालू होतं आणि तिचा फोन आला, अरे हॉलच्या पंख्याची वायर जातच नाहीये, तू जरा येऊन बघ. गेलो. वायर ओढायची स्प्रिंग घातली, आठ-नऊ फुटांवर अडकली, पंख्याच्या बॉक्समधून उलटी घातली तर तिकडूनही तिथेच येऊन थांबली, म्हणजे पाइप स्लॅबच्या आत चेपलेला. काम ज्याने केलं त्याने लाइट ग्रेडचा, म्हणजे कमी दाब सोसणारा पाइप टाकलेला. स्लॅबच्या दिवशी त्याच पाइपावरून घमेली घेऊन माणसं चालणार, व्हायब्रेटर फिरणार, वर काँक्रीटचं वजन, तो बिचारा किती टिकणार? शेवटी कोऱ्या करकरीत छतावरून केसिंग पट्टी (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) मारावी लागली. मावशी काही बोलली नाही पण सारखी वर बघत होती, ते मला फार लागलं.

मी गुहागरकडे वायरिंगची कामं घेतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतो, वायर उद्या बदलता येते, भिंतीतला पाइप नाही. त्यामुळे पाइप घेताना दुकानातला रेट नंतर विचारा, आधी तो पाइप कुठे बसणार आणि तिथे त्याला काय सोसायचंय ते बघा.

पीव्हीसी पाइपावर छापलेलं असतं, एलएमएस, एमएमएस, एचएमएस, म्हणजे लाइट, मीडियम, हेवी, आणि सोबत आयएस ९५३७ हा भारतीय मानकाचा नंबर. स्लॅबमध्ये मी हेवीच टाकतो, तोही २५ एमएम, मीडियम वापरणारे पण चांगलं काम करतात पण लाइट नकोच नको. पाइप सळईला बाइंडिंग वायरने बांधायचा, जॉइंटला सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) लावायचं, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जातं आणि सुकून दगड होतं. बेंड हीटरवर किंवा जाळावर तापवून करू नका, आत बेंडिंग स्प्रिंग घालून गोल वळवा. दोन बॉक्सच्या मध्ये दोनापेक्षा जास्त बेंड मी घेत नाही. आणि पाइपच्या पोटातली ४० टक्क्यांहून जास्त जागा वायरने भरायची नाही, एकतर ओढताना सोलते, दुसरं म्हणजे गरम होते.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीत मीडियम चालतो. चिरा कटरने पटकन कापला जातो पण पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून तिथे लोखंडी पाइप आणि लोखंडी बॉक्स मला पटत नाही. समुद्राजवळ तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप आधी आट्यांवरच गंजतो, कारण आटे पाडताना वरचं जस्त निघून गेलेलं असतं. जीआय वाईट आहे असं नाही हां. वर्कशॉप, भाताची गिरण, जिथे पाइपाला काहीतरी आदळणार तिथे पीव्हीसी फुटतो, तिथे लोखंडीच हवा. फक्त त्याला अर्थिंग पक्कं पाहिजे, फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून गेले पाहिजेत (वेगवेगळ्या पाइपातून नेले तर पाइपच तापतो), आणि कापलेल्या तोंडाची आतली धार कानशीने मारून तोंडाला बुश (गुळगुळीत कडं) लावायचा. ती धार वायर ओढताना ब्लेडसारखं इन्शुलेशन कापते आणि कापलेलं बाहेरून दिसतही नाही.

कौलाखाली, माळ्यावर फ्लेक्सिबल पाइप टाकून मोकळे होणारे खूप आहेत. उंदीर तो कुरतडतात, मी स्वतः तसे तुकडे काढलेत, आत तांबं उघडं आणि शेजारी वाळलेला पेंढा. फ्लेक्सिबल मोटरजवळच्या शेवटच्या हात-दीड हातापुरता ठेवा, जिथे थरथर असते.

गच्चीवर सोलरची लाईन असेल तर उन्हाला टिकणारा पाइप मागून घ्या, साधा काही वर्षांत कडक होऊन तडकतो. शिवाय पीव्हीसी तापला की लांबतो, दहा मीटरच्या लाईनला ३० अंशांच्या फरकाने जवळपास दोन सेंटीमीटर. म्हणून सॅडल (पाइप धरणाऱ्या पट्ट्या) आवळून मारू नका, मध्ये एक्स्पान्शन कपलर, म्हणजे पाइपाला आत सरकायला जागा देणारा जोड द्या, नाहीतर पाइप सापासारखा वाकडा दिसतो आणि जॉइंट सुटतात.

विहिरीच्या पंपाकडे जाणारी लाईन जमिनीखालून असेल तर घरातला पाइप घालू नका, डबल वॉल कोरुगेटेड, म्हणजे बाहेरून खाचांचा आणि आतून गुळगुळीत असतो तो घ्या. अडीच फूट खाली, खालीवर वाळू, वरून विटा किंवा वॉर्निंग टेप. आत पाणी येणारच असं धरूनच चाला, म्हणून त्यात साध्या सुट्या वायरी नकोत, शीथवाली, म्हणजे सगळ्या वायरींवर मिळून आणखी एक जाड आवरण असलेली केबलच.

आता प्रत्येक स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्या पाइपांमधून स्प्रिंग घालून बघतो, मग पाइपाशेजारी मोजायची टेप धरून फोटो काढतो आणि घरमालकाला पाठवून देतो. स्लॅब भरताना एक माणूस वर उभा असतोच, कुठे पाइप सुटला तर लगेच जोडायला.