'कुठल्या भाषेत?' : एका प्रश्नावलीचा अनुभव

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी फेनिग्स्टाईन, शायर आणि बस या मानसशास्त्रज्ञांची 1975 ची इंग्रजी प्रश्नावली निवडली. माणूस स्वतःबद्दल किती जागरूक असतो, हे ती मोजते. विधानं 23: 10 स्वतःच्या मनात डोकावण्याची, 7 लोकांना आपण कसे दिसतो याची, 6 चारचौघांत बुजण्याची. मराठीत करायला आठवडा पुरेल, असं वाटलेलं. तीन महिने गेले.

पहिला दणका उलट भाषांतराचा. मूळ न पाहिलेल्या माणसाकडून मराठी मजकूर परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. मी 'आत्मचिंतन' लिहिलं होतं. मैत्रिणीच्या इंग्रजीत ते ध्यानधारणा होऊन आलं. शेवटी विद्वत्ता गुंडाळली आणि लिहिलं, 'मी स्वतःबद्दल खूप विचार करते.'

मग चाचणीसाठी कर्नाटकातल्या मराठी बोलणाऱ्या सीमाभागात, आधी खानापूर. मूळ प्रश्नावली कॉलेजच्या मुलांवर घडलेली. इतरांना कळावी म्हणून शायर आणि कार्व्हर यांनी 1985 मध्ये ती सोपी केली. तीच घ्यायला हवी होती, हे मला फार उशिरा सुचलं.

'घरातून निघताना शेवटी आरशात बघते,' मी वाचलं. ओळखीच्या एक अक्का म्हणाल्या, "कुंकू लावायचं तर बघाय नको काय?" पूर्ण गुण. म्हणजे कागदावर त्या लोकांच्या नजरेला जपणाऱ्या. त्याच अक्का बसस्टँडवर सगळ्यांदेखत कंडक्टरशी भांडताना मी पाहिल्या आहेत!

निपाणीत एका दुकानदार काकांपाशी गाडी अडली. विधान होतं, 'अनोळखी माणसाशी बोलणं मला अवघड जात नाही.' याचे गुण उलटे मोजायचे असतात: 'लागू' म्हटलं की बुजरेपणाचे गुण कमी. काका "नाही जात" म्हणाले आणि त्या 'नाही'च्या भरात 'अजिबात लागू नाही'वर खूण केली. मी परत समजावलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पण बोलायचं कुठल्या भाषेत? मराठीत दिवसभर बोलतो की. कचेरीत कन्नडमध्ये बोलायचं असलं तर पोराला घेऊन जातो."

फॉर्मवर याला घर नव्हतं. समासात पेन्सिलीनं लिहून घेतलं.

गाईड म्हणाले, विधानात 'माझ्या भाषेत' जोडून टाक. पण जोडलं की मुळाशी तुलना बंद, आणि प्रबंध तर तुलनेचाच! विधान तसंच ठेवलं. वर नावापाशी एक नवी ओळ घातली: 'घरी कुठली भाषा, कचेरीत कुठली?' दुसऱ्या खेपेला काकांनी तीच ओळ सगळ्यात आधी भरली.