चिचिबूची फुलं आणि अडीचची शेवटची ऑर्डर

११ फेब्रुवारी, नागातोरो

जपानातल्या चिचिबू भागात, होदोसान डोंगरावर, रोऊबाई हे हिवाळी पिवळं फूल फुललं आहे. फलकावर 'मांकाई' लिहिलंय, म्हणजे पूर्ण बहर. तो शब्द वाचूनच बरेच जण घराबाहेर पडतात. निघायची खरी वेळ त्याच्या आदल्या पायरीला असते: 'शिचिबुझाकी', दहापैकी सात भाग उमललेला, आपल्या जुन्या हिशेबात रुपयातले अकरा आणे. (चिचिबू गावाशी या शब्दाचा काही संबंध नाही, कानाला तसं वाटतं एवढंच.) मांकाई जाहीर होते तोवर पहिली उमललेली फुलं थंडीनं तपकिरी पडायला लागलेली असतात. रोऊबाईचा हंगाम महिनाभर तरी चालतो, म्हणून इथे चार दिवसांची चूक खपते. एप्रिलमध्ये खपत नाही.

सैतामा प्रांताच्या पश्चिमेचा हा डोंगर ४९७ मीटरचा. माथ्याजवळ सुमारे १५,००० चौरस मीटरांवर तीनेक हजार झाडं आहेत. पाकळी मेणासारखी, अर्धपारदर्शक, आणि फूल खाली मान घालून लटकणारं. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. झाडाच्या खालच्या बाजूला वाकून, फुलाच्या मागे सूर्य येईल असं उभं राहायचं, मग पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते. तीन प्रकार ओळखता येतात: आतल्या पाकळ्या जांभळट-लाल असतील तर 'वा-रोऊबाई', संपूर्ण पिवळं असेल तर 'सोशिन', गोलसर पाकळी आणि आत फिकट वर्तुळ असेल तर 'मांगेत्सु', म्हणजे पौर्णिमा. वास अकरानंतर, ऊन तापल्यावर आणि वारा पडल्यावर येतो. सकाळी आठला पोहोचणाऱ्याला फोटो मिळतात, वास मिळत नाही.

नागातोरो स्थानकापासून रोपवेचा पायथा चढणीनं वीसेक मिनिटं. रोपवे १९६१ पासून चालतो, वर जायला पाच मिनिटं. चालत गेलं तर तासभर लागतो. वाट रुंद आणि सोपी, पण फेब्रुवारीत एक गोम आहे. रात्री जमिनीतलं पाणी गोठून मातीतून बर्फाच्या सुयांचे खांब वर येतात, त्यांना 'शिमोबाशिरा' म्हणतात. सकाळी त्यावर चालताना कुरकुर आवाज येतो आणि पाय कोरडे राहतात. दुपारी तेच वितळून घोटाभर चिखल होतो. म्हणून चालत वर जावं आणि रोपवेनं खाली यावं. बहुतेक लोक उलट करतात आणि बूट धुवायला नळ शोधत फिरतात.

खाली इवादातामी या सपाट खडकांकडे जाणाऱ्या गल्लीत दुकानं आहेत. हिवाळ्यात ती चारच्या सुमाराला आवरतात. नागातोरोचं नाव खरं उन्हाळ्यातल्या बर्फाच्या गोळ्यासाठी. इथे १८९० पासून नैसर्गिक बर्फाचा धंदा करणारं आसामी रेइझो हे घर आहे. जुलैत ज्या बर्फासाठी रांग लागते तो या दिवसांतच डोंगराच्या पायथ्याशी उघड्या हौदात थरावर थर गोठत असतो. मध्येच पाऊस किंवा बर्फ पडला की थर खराब होतो आणि काम पहिल्यापासून सुरू.

२० एप्रिल, हित्सुजियामा

शिबाझाकुरा, म्हणजे हिरवळीसारखी जमिनीला चिकटून वाढणारी फुलं. नावात साकुरा असली तरी चेरीशी नातं नाही. हे मूळ उत्तर अमेरिकेचं फ्लॉक्स. हित्सुजियामा उद्यानाच्या उतारावर सुमारे १७,६०० चौरस मीटरांत दहा जातींची चार लाखांहून जास्त रोपं आहेत. पट्ट्यांचा आराखडा ३ डिसेंबरच्या चिचिबू रात्रजत्रेतल्या वादकांच्या कपड्यांवरच्या नक्षीवरून घेतलाय. हे माहीत नसेल तर नुसते गुलाबी-पांढरे पट्टे दिसतात. माहीत असेल तर उतारावरच्या वळणांना लय आहे हे कळतं. 'हित्सुजी' म्हणजे मेंढी. पूर्वी इथे प्रांताचं पशुपैदास केंद्र होतं.

बहराच्या काळात प्रवेशाला तिकीट असतं. वाटा तीन आहेत. योकोझे स्थानकावरून वीस मिनिटं, जवळजवळ सपाट. सेइबू-चिचिबू स्थानकावरून किंवा चिचिबू रेल्वेच्या ओहानाबाताके स्थानकावरून तेवढाच वेळ, पण शेवटचा टप्पा दम काढणारा. म्हणून योकोझेला उतरावं आणि सेइबू-चिचिबूच्या बाजूनं गावात उतरावं. कॅफे गावात आहेत, योकोझेकडे फारसे नाहीत.

फोटोची नेहमीची तक्रार: फुलं फिकट येतात. कारण सरळ आहे. बुकोसान हा १,३०४ मीटरचा डोंगर उद्यानाच्या दक्षिणेला, त्यामुळे डोंगर चौकटीत घेतला की दुपारी सूर्य समोर येतो. नऊच्या आत किंवा तीननंतर यावं, प्रकाश कडेनं पडतो. चुनखडीच्या खाणकामानं बुकोसानच्या उत्तर अंगावर पायऱ्या पडल्या आहेत. काही जण तो भाग फोटोतून कापतात. कापू नये. या खोऱ्याचं पोट बराच काळ त्या दगडावर आणि रेशमावर चाललंय.

उतारावर कुठे कुठे टकलासारखे ठिपके दिसतात. पाण्याची टंचाई नाही किंवा पायदळीही गेलेलं नाही. शिबाझाकुराचं रोप चारपाच वर्षांत मधोमध लाकडासारखं होतं आणि तिथली पानं झडतात. त्यावर माती पसरली की खोडाला नवी मुळं फुटतात, नाहीतर उपटून नवं लावावं लागतं. नवीन तुकडा पहिल्या वर्षी विरळ फुलतो.

एप्रिलअखेरीच्या मोठ्या सुट्ट्यांवर विसंबून राहू नये. ऊब लवकर आली तर तोवर रंग उडालेला असतो.

गावातले कॅफे बघण्यासारखे आहेत ते इमारतींमुळे. चिचिबू 'मेइसेन' या रेशमी कापडानं श्रीमंत झालं. त्या काळातली दुकानं आणि घरं चिचिबू देवळाच्या रस्त्यावर अजून उभी आहेत, काहींत आता कॉफी मिळते. जुन्या घरातल्या कॅफेत आठदहा टेबलं, आणि कॉफी एकेक कप हातानं गाळून. चार जणांची ऑर्डर यायला वीस मिनिटं लागतात. परतीच्या गाडीला अर्धा तास उरला असेल तर आत शिरूच नये.

भूक तातडीची असेल तर मिसो पोटॅटो. उकडलेला बटाटा, पिठात बुडवून तळलेला, काडीला टोचून वर गोडसर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, रस्सा. आपल्या बटाटाभजीचा दूरचा भाऊ, फक्त चटणीऐवजी गोड. पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्यावं: "तामागो हाइत्ते इमासु का?"

२८ जून, मिनोयामा

हायड्रेंजिया. मिनोयामा ५८७ मीटरचा, ओयाहाना स्थानकावरून चालत तासाहून अधिक. पावसात चिकट, दमट चढण. सह्याद्रीत पावसाळी चालणाऱ्यांना पाऊस नवा नाही, पण इथली उष्णता आणि डास मोजून चालावं. माती आम्ल असेल तर अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं. म्हणून एकाच रांगेत निळं, जांभळं, गुलाबी दिसतं. माथ्यावर कॅफेची आशा धरू नये, पाणी खालून भरून न्यावं. पहाटे पोहोचलं तर खोऱ्यात ढग साचलेले दिसतात, त्यासाठी मात्र गाडी हवी.

२३ सप्टेंबर, किंचाकुदा

या फुलासाठी वर्षात एक आठवडा मिळतो. हिगानबाना: पान नाही, नुसता हिरवा दांडा आणि वर लाल कोळ्यासारखं फूल. तोक्योहून चिचिबूकडे जाताना वाटेत लागणाऱ्या किंचाकुदा या जागेला कोमा नदी जवळजवळ पूर्ण वेढा घालते. मधला भाग वरून बटव्यासारखा दिसतो, 'किंचाकु' म्हणजे बटवाच. तो आकार जमिनीवरून कळत नाही. समोरच्या ३०५ मीटरच्या हिवादायामावर, माथ्याच्या थोडं खाली असलेल्या देवळाच्या कमानीपर्यंत चढावं लागतं, कोमा स्थानकावरून चाळीसेक मिनिटं.

झाडीत सुमारे ५० लाख फुलं. ती कुणी बाग म्हणून लावली नव्हती. पुरांनी वरच्या बाजूचे कंद मातीसोबत आणून वळणावर टाकले. १९७० च्या दशकात झाडोरा साफ केला तेव्हा हा पसारा उघडा पडला. जपानातली हिगानबाना बी धरत नाही, कंद फुटूनच वाढते. म्हणजे सगळी रोपं जवळजवळ एकाच रक्ताची, त्यामुळे एका भागातली सगळी एकदमच फुलतात आणि एकदमच विटतात. गर्दी तीनचार दिवसांत कोंबली जाते ती यामुळे. कंद विषारी असतो. भाताच्या बांधांवर तो मुद्दाम लावत, जमीन पोखरणारे प्राणी दूर राहावेत म्हणून.

तारीख कशी ठरवावी? 'हिगान' म्हणजे संपाताच्या आसपासचे सात दिवस, घराण्याच्या थडग्यांवर जाण्याचे. आपला पितृपक्षही याच सुमाराला येतो, आणि दोन्हीकडे गेलेल्यांची आठवण. फुलाचं दुसरं नाव 'मांजुशागे', ते संस्कृत 'मञ्जूषक' या शब्दावरून बौद्ध ग्रंथांतून आलंय. पण पंचांगावर विश्वास टाकायचे दिवस गेले. फूल मातीच्या तापमानाकडे बघतं. उन्हाळा लांबला की दांडे जमिनीतून बाहेरच येत नाहीत. २०२४ मध्ये संपाताला आलेल्या लोकांनी बरंचसं हिरवं पाहिलं, लाली महिनाअखेरीस आली. खूण अशी: रात्रीचा गारवा जाणवू लागला आणि एक चांगला पाऊस झाला की आठदहा दिवस धरावेत. दांडा दिसल्यापासून फूल उमलायला जेमतेम आठवडा लागतो. सगळी झाडी एका दिवशी फुलत नाही, एक भाग आधी, दुसरा काही दिवसांनी. आधीचा भाग विटला म्हणून माघारी फिरू नये.

बहरात प्रवेश ५०० येन. कोमा स्थानकावरून पंधरा मिनिटं चालायचं. स्थानकासमोर लाल रंगाचे दोन उंच कोरियन खांब दिसतील. ७१६ मध्ये सात प्रांतांतून कोगुर्यो या जुन्या कोरियन राज्याच्या १,७९९ लोकांना इथे आणून कोमा परगणा वसवला होता. तोक्योच्या निशी-कासाईतल्या मराठी घरांतून येणाऱ्यांनी तोझाई मार्गानं ईदाबाशीला उतरून युराकुचो मार्ग घ्यावा. त्यातल्या काही गाड्या पुढे सेइबू या खासगी रेल्वेच्या रुळांवरून थेट हान्नोपर्यंत जातात, तिथून कोमा दुसरं स्थानक. साडेआठपर्यंत फाटकात असावं. तेव्हा ऊन झाडांच्या खोडांमधून आडवं येतं, अकराला ते डोक्यावर येऊन लाल रंग सपाट करतं. फुलांत पाय टाकून फोटो काढू नये. दांडा वाकला की परत उभा राहत नाही, आणि या वर्षीचं फूल गेलं.

जेवणाचं. किंचाकुदाजवळ कोमा नदीकाठी शाकाहारी कॅफे आहे, अलिशान. नाव तैवानच्या डोंगरावरून, मराठी कानाला मात्र भलतंच भपकेबाज वाटतं. जपानच्या खेड्यात शाकाहारी माणसाला पूर्ण ताट मिळणं दुर्मीळ. सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या, थंड रश्श्यातही बोनिटो माशाचा अर्क असतो, आणि 'मांस नाही' एवढं सांगितलं तर तो मोजला जात नाही. नेमकं विचारावं: "कात्सुओ-दाशी हाइत्ते इमासु का?" अक्रोडाचा सोबा सुरक्षित वाटतो, पण त्यातही तोच अर्क मिसळलेला असतो.

खेड्यातल्या कॅफेचे चार नियम शहरातल्या माणसाला ठाऊक नसतात. दारात वही असेल तर आत डोकावू नये, आधी नाव कातकाना लिपीत आणि माणसांची संख्या लिहावी, मग बाहेर थांबावं. हाक मारली तेव्हा नसलात तर नाव कापलं जातं. पाटील असेल तर 'पातिरु' अशी हाक येईल, कान तयार ठेवावा. दुसरं, दर माणशी निदान एक पेय घ्यायचंच, तिघांत एक केक चालत नाही. तिसरं, साप्ताहिक सुट्टी, 'तेइक्यूबी', शनिवार-रविवारी नसते. ती मंगळवार, बुधवार, गुरुवार अशी कुठेही असू शकते, आणि फुलांच्या गर्दीत दमल्यावर 'रिन्जी क्यूग्यो', म्हणजे अचानक बंद, अशी पाटीही लागते. चौथं म्हणजे शेवटची ऑर्डर. चारला बंद होणारं ठिकाण साडेतीनला ऑर्डर थांबवतं आणि जेवण अडीचलाच. हातानं मळलेल्या सोबाचं दुकान तर पीठ संपलं की एकलाही दार लावतं. फुलं आधी, जेवण नंतर, असा बेत इथे फसतो. साडेआठ ते अकरा फुलं, सव्वाअकराला वहीत नाव, हा क्रम धरावा. हजार येनच्या नोटा जवळ ठेवाव्यात, कार्ड सगळीकडे चालत नाही.

जेवणानंतर आल्या वाटेनं परतू नये. सुमारे ९१ मीटर लांबीचा लाकडी आइआइबाशी पूल ओलांडून कोमा देवळाकडे चालत जावं, अर्धा तास. देवळापासून वीस मिनिटांवर जेआरचं (जपान रेल्वेचं) कोमागावा स्थानक. दुपारी कोमा स्थानकाच्या फलाटावर जी रेटारेटी असते ती अशी टळते.

१० ऑक्टोबर, किंचाकुदा

तिकिटाचं टेबल उचललंय. लाल काहीच उरलं नाही, दांडे पिवळे पडून आडवे झालेत. त्यांच्या बुडाशी आता पानं दिसू लागलीत, बोटभर, गडद हिरवी, मधे फिकट रेघ. ती हिवाळाभर उन्हात राहून पुढच्या वर्षीचा कंद भरतील आणि वसंतात सुकतील. त्या पानांवरून चालू नये, हे सांगणारा फलक मात्र आता कुठेच नाही. नदीकाठच्या कॅफेत दारात वही नाही, खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे, आणि अडीचलाही ऑर्डर घेतली.